अकराव्या घरापर्यंत

मोहदरी तांडा, ता. घाटंजी
१९ जानेवारी २०२५, रविवार

राजू,

प्रभूच्या नावानं तुले सलाम. मी संगीता, तुझी बहीण. नाव आधीच लिहून टाकते, सहा वर्षांत अक्षर विसरला असशीन.

संक्रांतीच्या दिवशी सांजच्या पारी आपले बा गेले. छाती भरली होती. घाटंजीचा डॉक्टर म्हणे यवतमाळले न्या, बा म्हणे कायले, तिथं तरी देव वेगळा आहे का. तुले फोन लावला. सात वेळा लावला. तू माझा नंबर बंद करून ठेवला, आता मी काय करू? निजामाबादचा तुझा पत्ता बाच्या बायबलात तुझ्याच हातानं लिहिलेला सापडला, म्हणून हे पत्र.

सगळं नीट पार पडलं. त्यांनी सांगून ठेवलं होतं तसंच. आपल्या वावरात धुऱ्याजवळ, मोहाच्या झाडाखाली त्याइले मातीत दिलं. तांडा आला होता. तांड्याचे नाईक बबनराव स्वतः आले. आपली याडी बरी आहे. जेवते, झोपते, कोणाशी बोलत नाही. पन्नास वर्षं संग राह्यलेला नवरा गेला, ते पाच दिवसात कसं पचन?

अजून एक. रुपालीचं लग्न जमलं. राळेगावकडचा तांडा आहे, पोरगा कृषी केंद्रात कामाले. ३० एप्रिल तारीख धरली. तू एकटाच मामा आहे तिचा. तिचे वडील असते तर त्याइनंच तुले बोलावलं असतं. मी ये म्हणत नाही, आला तर हाकलणार बी नाही.

तांडा सोडून जाताना ओट्यावर उभा राहून तू मले म्हणला होता, "बाई, तुले तांडा सोडवत नाही, उद्या देव सोडशीन." सगळ्याइनं ऐकलं होतं. तर पाहून घे. बाले मातीत दिलं. तांड्याच्या नाकावर टिच्चून दिलं.

तुझी बहीण,
संगीता


२३ फेब्रुवारी २०२५

राजू,

पत्र लिहिलं का पोलिसाचा जबाब घेऊन राह्यला? भजन कोणतं म्हणलं, कोणी म्हणलं, खड्डा किती खोल, डोक्स कोणत्या बाजूले, पास्टर आले होते का. माय वो! बाप मेला त्याचं रडू कुठं आहे तुझ्या पत्रात, मले तर दिसलं नाही.

पास्टर आले नाही. पांढरकवड्याहून येणारे एकच, तेही त्या दिवशी नागपूरले गेलते. भजन मीच म्हणलं. खड्डा पुरेसा खोल होता. डोक्स पश्चिमेले, म्हणजे उठतील तर तोंड उगवतीले. झालं समाधान?

याडीचं विचारलं, बरी आहे. माझं विचारलं नाही, तरी सांगते. झोप येत नाही. शाळेत खिचडी शिजवाले जाते तर डाळीत मीठ दोनदा पडते, हेडमास्तर हसते, म्हणते संगीताबाई, पोराइले समुद्र पाजता का. तांड्याच्या फाट्यावर बाचा फ्लेक्स लागला. पोराइनं वर्गणी करून लावला, चांगल्या मनानं लावला. "भावपूर्ण श्रद्धांजली, कै. उत्तमसिंग राठोड." फोटो आधार कार्डावरचा. घाटंजीच्या फ्लेक्सवाल्यानं कम्प्युटरवर बाच्या कपाळाले टिळा लावून देला. तो म्हणे सगळ्याइलेच लावतो, फोटो भरलेला दिसते. बानं तीस वर्षात कपाळाले बोट लावलं नव्हतं. आता रोज सकाळी एसटीची वाट पाहत मी त्याच्याखाली उभी राह्यते अन् बा वरून पाह्यते. मी पाठ करून उभी राह्यते, तरी पाह्यते.

विश्वासी माणसानं भुताखेताले मानू नये. मी मानत नाही. पण घरात खोकल्याचा आवाज येते. याडी खोकलत नाही, रुपाली खोकलत नाही.

बिजलीबाईची आठवण असन तुले, विहिरीजवळच्या घरची विधवा. नवऱ्याच्या मागं सगळे तिले डाकीण म्हणत होते तवा बाच तिच्या दारात जाऊन बसले होते, रोज, महिनाभर, काही न बोलता. मग ती येशूच्या विश्वासात आली. दहा वर्षं एक रविवार चुकला नाही तिचा. ती आता प्रार्थनेले येत नाही. मी विचारलं काहून येत नाही, तर म्हणे, "गुडघे दुखते." तिचे गुडघे दुखत असते तर ती कापसाच्या वावरात दिवसभर वाकली असती का?

इतकंच.

संगीता


२१ मार्च २०२५

राजू,

ईस्टरले येतो म्हणतं. बाच्या कबरीसाठी दगड घडवाले टाकला म्हणतं, वर क्रूस, खाली नाव, दोन्ही तारखा. टेम्पोत टाकून आणतो म्हणतं.

अरे, घाई काय आहे? पावसाळा एक जाऊ दे. माती बसल्यावर दगड लावावा, आताच लावला तर कलते. अन् तीस तारखेले लग्न, घरात पाहुणे, ईस्टर वीस तारखेले, तुझा दगड कुठं उतरवू? राळेगाववाल्याइले आधीच आपल्या घराचं कमी का सांगून झालं? दिवाळीनंतर ये. मी स्वतः पांढरकवड्यापर्यंत घ्यायले येईन.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वावरात गेलती. तूर काढून झाली होती, कोणी नव्हतं. फावडं घेतलं आणि मोहाखाली माती ओढाले लागली. कबरीची माती जनावराइनं उकरली होती, नीट करावी म्हणलं. दीड तास ओढली. हाताले फोड आले. चांगला माणसाएवढा लांब ढीग झाला. कडेनं दगड लावले.

मागं वळून पाह्यलं तर याडी उभी. इतक्या दूर ती कधी चालत येत नाही. काठी टेकून उभी, ढिगाकडं पाहून राह्यली. म्हणे, "संगी, कोणाले पुरून राह्यली वं?"

मी फावडं उचललं अन् तिले हात धरून घरी आणलं.

दगड आणू नको. हात जोडते.

संगीता


६ एप्रिल २०२५, रविवार

राजू,

तू लिहिलं, "काहून नको? काय लपवतं?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तुझा एवढा एक प्रश्न वाचून मी पत्र पिठाच्या डब्यात लपवलं. आता लिहिते. मधात थांबली तर कधीच लिहिणं होणार नाही, म्हणून सकाळीच बसली. आज प्रार्थनेले मी एकटीच होती, ती बी केली नाही.

मोहाखाली कोणी नाही. तो मातीचा ढीग आहे, मी ओढलेला. बाले आपण जाळलं.

बा गेले त्या सांजेले मी एकटीच त्याइच्याजवळ होती. तुले माहीत आहे, ते रोज तांड्यातल्या घराघराचं नाव घेऊन प्रार्थना करत. उगवतीच्या टोकापासून सुरू करत, विहिरीजवळ संपवत, चौतीस घरं. ज्याइनं त्याइच्या अंगावर शेण फेकलं त्याइचंही घर सुटत नव्हतं. त्या दिवशी आवाज नव्हता, ओठ हलत होते, मी कान लावून मोजत होती. दहा घरं झाली. अकरावं बबनराव नाईकाचं. "बबन" म्हणलं अन् थांबले. मले वाटलं दम घेत असतील.

असं गेलं ते माणूस. कोणी अजून इतकं विश्वासात मेलेलं मी पाह्यलं नाही.

सकाळी नाईकाच्या ओट्यावर पंच बसले. मी म्हणलं, बाले मातीत द्यायचं आहे, त्याइनं सांगून ठेवलं. कोणी शिवी देली नाही, राजू. तसं असतं तर बरं झालं असतं, मी बी भांडली असती. पण याडी उठली. डोक्यावरून पदर घेतला अन् पंचाइच्या समोर जाऊन बसली. तुले माहीत आहे ना, आपल्यात लग्न न झालेल्याले पुरतात, लग्न झालेल्याले आग देतात. याडी म्हणे, "त्याले पुरलं तर मी कोण? पन्नास वर्षं मी कोणाच्या चुलीपाशी बसली? माझे दोन लेकरं कोणाचे?" एवढं बोलली अन् मातीवर हात आपटाले लागली. त्या हाताचा आवाज अजून येते मले.

बबनराव वाईट माणूस नाही. ते मले हळूच म्हणे, "बेटी, आग द्यायले आमची ना नाही. पण आमच्या रीतीची आग आमच्या माणसाले. तो त्या येशूचाच राह्यला असन तर आम्ही कसा हात लावू? तू शेवटी जवळ होती. सांग, काय म्हणला तो?"

रुपालीची बोलणी झाली होती, राळेगावहून त्या मुलाचा काका मयतीले आला होता. तो बी ओट्यावरच. मोबाईल खाली ठेवून माझ्या तोंडाकडं पाहून राह्यला. रुपाली दारात उभी होती.

मी म्हणलं, "बा शेवटी म्हणे, मी परत आलो."

कोणी मले मारलं नव्हतं. कोणी धमकी देली नव्हती. एवढं सोपं होतं ते, राजू, पाणी मागावं इतकं सोपं. बबनरावाचे डोळे भरले. ते म्हणे, "आला ना बापा शेवटी घरी." मग सगळे उठले, लाकडं आली, हळद आली, गुलाल आला. मी बाजूले उभी होती. भजन कसलं म्हणते मी.

अन् फोनचं बी खोटं. सात वेळा लावला हे खरं, पण बबनराव आपला फोन हातात देत होते, म्हणे याच्यावरून लाव, भाऊ उचलन. मी म्हणलं नको, तो येणार नाही. तू आला असता म्हणूनच नको म्हणलं.

आता ऐक, खरी गोष्ट पुढंच आहे. जाळलं काय अन् पुरलं काय, देवाले आपला माणूस राखेतून सापडत नाही का? त्याच्यासाठी मी जागी राह्यत नाही. परवा मी बिजलीबाईच्या घरी गेली. तिच्या दाराले लिंबूमिरची बांधली होती. बायबल दिसलं नाही. मी म्हणलं कुठं आहे, तर म्हणे भावाच्या घरी पेटीत ठेवलं. मग ती एकदम बोलली. म्हणे, "संगीता, मी लिहिणं वाचणं जाणत नाही. देव खरा का खोटा मले काय कळते? मी बाकडं पाहून चालत होती. तीस वर्षं चाललेला माणूस मरताना म्हणते मी परत आलो, म्हणजे समोर काही नसन दिसलं त्याले. मग मी कोणाच्या मागं चालू?"

मी तिथंच सांगायले पाह्यजे होतं. "घरी काम आहे" म्हणून उठून आली. येताना फाट्यावरून आली नाही, वावरातून आली, तो फ्लेक्स पाहवत नाही.

मी बाले सरणावर जाळलं नाही, राजू. तोंडानं जाळलं. त्याइच्या आयुष्याची एकच कमाई होती, ती मी एका वाक्यात मोडली. अन् कायच्यासाठी? राळेगावचा काका नाराज होऊ नये म्हणून.

मले माहीत आहे काय करावं लागन. पंचाइसमोर जे बोलली ते पंचाइसमोरच फिरवावं लागन. एकट्या बिजलीच्या कानात सांगून भागणार नाही. पण चोवीस दिवसांवर लग्न आहे. पत्रिका छापून आल्या. रुपाली रोज सांजेले त्या पोराशी फोनवर हसते, ते हसणं मले ओसरीपर्यंत ऐकू येते. एक मन म्हणते तीस तारीख होऊ दे, एकतीसले सांग. मग मीच म्हणते, संगीता, एप्रिलले एकतीस तारीख नसते.

तू मले तेव्हा जे म्हणला ते खरं झालं. घे, आता खुश हो.

संगीता


१५ एप्रिल २०२५

राजू,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसन किंवा पोचलं असन. तरी लिहिते.

परवा झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आधीच्या, लग्नाच्या कामाची बैठक नाईकाच्या ओट्यावर होती. मंडप कोण घालते, पाणी कोण आणते. राळेगावचा काका बी आलता. चहा झाला. मी उठली. खांब धरला. म्हणलं, बाविषयी मी खोटं बोलली होती. बा परत आले नव्हते. ते येशूचेच होते अन् येशूचेच गेले. मी बी त्याचीच आहे.

मग गलका. कोणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला, बाप गेल्याचा. कोणी म्हणे आमच्या हातून आग देववली, आमाले बाटवलं. काका उठून चपला घालाले लागला.

तेवढ्यात याडी बोलली. तिले कोणी विचारलं नव्हतं. ती बायाइत बसून सुपारी कातरत होती, अडकित्ता खाली ठेवला अन् म्हणे, "ही खरं बोलते. तो कायचा परत येते? तीस वर्षं मी रडली, उपाशी राह्यली, माहेरी जाऊन बसली, तरी त्यानं माझं ऐकलं नाही. अन् मरताना ऐकते? मले त्याच दिवशी माहीत होतं पोट्टी खोटं बोलते. मले आग पाह्यजे होती, म्हणून मी चूप राह्यली."

राजू, याडीनं आजवर येशूचं नाव घेतलं नाही, अन् घेणार बी नाही. पण बाच्या विश्वासाची साक्ष भरसभेत देली ती तिनं. मी तर फक्त कबुली देली.

बबनरावानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणे, "तू म्हणतं तो माझ्या नावावर गेला?" म्हणजे मी तेही सांगितलं होतं, घराघराचं, अकराव्या घरापर्यंतचं. मी म्हणलं हाव. "काय मागत होता माझ्यासाठी?" मी म्हणलं, नाईककाका, नावच घेतलं, पुढचं बोलणं झालं नाही. ते उठले अन् घरात गेले. दंड नाही, वाळीत टाकणं नाही, काहीच नाही बोलले. दार लोटून घेतलं. ते दार अजून मले उघडं दिसलं नाही.

काल राळेगावहून फोन आला. पोरगी पसंत आहे म्हणे, घर पसंत नाही. रुपालीनं माझ्याच हातून फोन घेऊन ऐकलं. तिनं हळदीसाठी आणलेली साडी घडी करून पेटीत ठेवली, हळू, एकेक घडी हातानं दाबत. मले शिवी देली असती तर बरं वाटलं असतं. "मम्मी, एक महिना थांबली असती तर?" एवढंच म्हणे. ती आजीजवळ झोपते. मी तिच्या पायाजवळ जाऊन बसते तर पाय आखडून घेते.

मले हलकं वाटन असं मले वाटत होतं. पास्टर सांगतात ना, पाप कबूल केलं की मन मोकळं होते. माझ्या पोरीचं लग्न मोडलं, राजू. माझं मन मोकळं नाही. पण हे परत करावं लागलं तर परत करीन, एवढं मात्र ठाम आहे.

आज दुपारी बिजलीबाईकडं गेली. म्हणलं आता तरी ती येईन. ती अंगणात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं, बाच्या ओठापर्यंत. तिनं सूप थांबवलं नाही. मी म्हणलं, बिजली, बा शेवटपर्यंत चालले, तू बी चाल. तवा ती थांबली. रागात नव्हती. खरंच विचारून राह्यली होती. म्हणे, "संगीता, जानेवारीत तू डोळ्यात पाणी आणून सांगितलं, तो परत आला. आज डोळ्यात पाणी आणून सांगतं, तो परत नाही आला. तवा खोटी होती का आता खोटी आहे, मले कसं समजन?"

मी म्हणलं याडी बी म्हणते. ती म्हणे, "ती तुझी माय आहे."

अन् सूप पाखडाले लागली. मी तिथंच बसून राह्यली. बाच्या बाजूनं उभी राहायले तांड्यात मी एकलीच उरली, अन् माझ्याच तोंडावर कोणाचा भरवसा नाही. ही शिक्षा कोणी पंचाइनं देली नाही.

म्हणून तू ये. दगड आणू नको, त्याले लावायले जागा नाही. मोहाखालचा ढीग मी काल मोडून वावरात पसरवला. लग्न नाही, पाहुणे नाही, घर रिकामंच आहे. माझ्यासाठी येऊ नको, मले माफ बी करू नको. बिजलीबाईच्या अंगणात जाऊन बस अन् तिले सांग, बा कसे होते. तुझं ती ऐकन.

तू खोटं कधी बोलला नाही, राजू. तू फक्त निघून गेला.

संगीता